किल्ली फिरवली, पण गाडी सुरू होईना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा जवळ आला की या सदराच्या टपालात एक तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते : ‘सकाळी गाडी सुरूच झाली नाही.’ ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली अशी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षे गॅरेज चालवताना मला जे सर्वांत उपयोगी पडले, ते उत्तरांआधीच सांगून ठेवतो. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढ्या वाक्यावरून मेकॅनिकला जवळजवळ काहीच कळत नाही. मात्र किल्ली फिरवल्यावर कोणता आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे तसेच राहिले की मंदावले, आदल्या दिवशी गाडी कुठे आणि किती वेळ उभी होती, हे नीट सांगितले तर निम्मे निदान फोनवरच होऊन जाते. म्हणून गाडी अडली की आधी दोन मिनिटे हात आवरून कान द्यावा.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी चार वर्षांची असून बॅटरी एकोणीस महिन्यांपूर्वी बदललेली आहे. मी बहुतेक दिवस घरूनच काम करतो, त्यामुळे गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभीच असते. दहा दिवसांनी किल्ली फिरवली तेव्हा टिक-टिक-टिक असा भरभर आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले. बोलावलेल्या बॅटरीवाल्याने बोनेट उघडताच ‘बॅटरी गेली, नवी टाका’ असे सांगितले. गाडीत कॅमेरा बसवलेला आहे आणि तो पार्किंगमध्येही चालू राहतो. खरोखर नवी बॅटरी घ्यावी लागेल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नुसते बोनेट उघडून बॅटरी गेली की नाही हे कोणालाही सांगता येत नाही, त्यासाठी मोजावे लागते, म्हणून मोजमाप होईपर्यंत पैसे देऊ नका. तुमच्या पत्रातला आवाजाचा उल्लेख मात्र फार मोलाचा आहे. स्टार्टर मोटारीच्या डोक्यावर सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा खटका असतो. किल्ली फिरवली की तो आत ओढला जातो आणि बॅटरीचा जोरकस प्रवाह मोटारीला जोडून देतो. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टरदेखील इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह सहज ओढतो. बॅटरीत तेवढा दम नसेल तर खटका जुळताक्षणी व्होल्टेज कोसळते, ते कोसळले की खटका सुटतो, सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि खटका पुन्हा जुळतो. हे एका सेकंदात कित्येकदा घडते आणि तीच तुम्ही ऐकलेली टिक-टिक. याचा अर्थ बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलची पकड सैल झालेली आहे. पण बॅटरी उतरणे वेगळे आणि बॅटरी मरणे वेगळे. उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा कामाला येते. या दोहोंत फरक न केल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

आवाज वेगळा असता तर दिशाही वेगळी असती. एकच जाड ‘टक’ ऐकू आला आणि दिवे लखलखीत राहिले, तर संशय सोलेनॉइडवर किंवा स्टार्टरच्या झिजलेल्या ब्रशवर जातो. दिवे लखलखीत असूनही काहीच आवाज आला नाही, तर ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा पी किंवा एन वर नीट बसला आहे का आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लच पूर्ण दाबला गेला आहे का, हे आधी पाहावे, कारण अनेक गाड्यांत त्यासाठी स्विच असतो आणि कधी कधी पायाखाली सरकलेली मॅटच क्लचला पूर्ण खाली जाऊ देत नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने घरघरत फिरले आणि तरीही पेट घेतला नाही, तर बॅटरीचा दोष नाही. अडचण इंधनात, ठिणगीत किंवा चावीच्या सुरक्षा यंत्रणेत शोधावी लागते.

आता तुमच्या बॅटरीकडे वळू. टर्मिनल हाताने धरून हलवून पाहा; ते जरासुद्धा फिरले तर दहा नंबरच्या पान्याने आवळायचे. त्यावर पांढरट-निळसर भुकटी जमली असेल तर दोन्ही तारा काढून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासायचे, कोरडे पुसायचे आणि तारा बसवून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा. काढताना काळी तार आधी आणि लाल नंतर, बसवताना लाल आधी आणि काळी नंतर, हा क्रम मोडू नये. काळी तार जोडलेली असताना लाल टर्मिनल सोडवू लागलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर त्या पान्यातूनच शॉर्टसर्किट होते आणि हात भाजतो.

त्यानंतर मल्टिमीटर लावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात असावा असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसला तर सर्वसाधारणपणे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, काम करत आहे असे समजावे. हल्लीच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, तेव्हा तेथे माहितीपुस्तिकेतला आकडा ग्राह्य धरावा.

तुमची बॅटरी का उतरली असावी, हे साध्या हिशेबाने कळते. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे एक अँपिअर प्रवाह ती साधारण ३५ तास देऊ शकते. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि चावीची यंत्रणा थोडी वीज घेतच राहतात. ती ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर सामान्य मानतात. कमाल मर्यादा धरली तरी दिवसाला १.२ आणि दहा दिवसांत १२ अँपिअर-तास झाले, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला. त्यात तुमचा कॅमेरा. तो ३ वॅट घेत असेल तर १२ व्होल्टवर पाव अँपिअर, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. एकटा कॅमेराच सहा दिवसांत भरलेली बॅटरी रिकामी करू शकतो, मग दहा दिवसांनी टिक-टिक ऐकू आली नसती तरच नवल होते. कॅमेऱ्याची तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या. पार्किंगमधले चित्रीकरण हवेच असेल तर व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेले की कॅमेरा बंद करणारे उपकरण मध्ये बसवून घ्या.

गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवली की बॅटरी भरते, हा समज सर्वत्र आहे आणि तो बरोबर नाही. एकदा गाडी सुरू करण्यात बॅटरीचा फार थोडा भाग खर्च होतो. दीडशे अँपिअर दोन सेकंद ओढले तरी एका अँपिअर-तासाचा दहावा हिस्साही होत नाही. पण दहा दिवसांत गळून गेलेले १२ अँपिअर-तास जागेवर मंद फिरणाऱ्या इंजिनाने, त्यातही एसी आणि दिवे चालू असताना, दहा मिनिटांत भरून निघत नाहीत. आठवड्यातून एकदा ठाणे-बेलापूर रस्त्याने किंवा पाम बीच मार्गाने पाऊण-एक तासाची फेरी मारणे हाच खरा उपाय. तूर्त बॅटरी काढून घरी किंवा दुकानात साडेतीन-चार अँपिअरच्या चार्जरवर दहा तास लावा, मग एक रात्र तशीच ठेवून व्होल्टेज मोजा आणि दुकानात लोड टेस्ट, म्हणजे जोराचा प्रवाह ओढून बॅटरीचा दम पाहणारी चाचणी, करून घ्या. चार्जिंगनंतरही ती रात्रभरात १२.४ च्या खाली उतरली किंवा स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली कोसळली, तर ती खरोखर गेली असे समजा. एकोणीस महिन्यांची बॅटरी बहुधा अजून वॉरंटीत असेल, तेव्हा कार्ड शोधून ठेवा. नवी घेण्याची वेळ आलीच तर जुनी दुकानदारालाच परत द्या. त्यातले शिसे आणि आम्ल कचऱ्यात जाऊ नये, म्हणूनच तिचे पैसे वजा करून मिळतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत माझी गाडी अडली तेव्हा शेजारच्या गाडीवरून जंप स्टार्ट देण्यासाठी मदतीला आलेल्या गृहस्थांनी घाईत तारा उलट्या जोडल्या. मोठी ठिणगी उडाली. आता तर दिवेही लागत नाहीत आणि दरवाजे रिमोटने उघडत नाहीत. संगणक जळाला असेल का? आणि तारा जोडण्याची बरोबर पद्धत कोणती?
— एक वाचिका, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : लगेच सर्वात वाईट शक्यता धरून बसू नका. उलट्या जोडणीत बहुतेक वेळा पहिला बळी मुख्य फ्यूजचा जातो आणि तो त्याचसाठी ठेवलेला असतो. बॅटरीच्या लाल टर्मिनलवर किंवा बोनेटखालच्या फ्यूजपेटीत तो मोठ्या अँपिअरचा फ्यूज असतो. तो उडाला की सगळी गाडी एकदम निर्जीव होते, तुमच्याकडे झाली तशी. तो बदलल्यावर दिवे आले, तर आधी इंजिन चालू करून बॅटरीवरचे व्होल्टेज मोजून घ्या, कारण दुसरा बळी अल्टरनेटरमधल्या डायोडचा असतो आणि ते गेले असतील तर गाडी सुरू होते पण बॅटरी भरत नाही, मग दोन दिवसांनी भलत्याच ठिकाणी गाडी बंद पडते. फ्यूज बदलल्याबरोबर पुन्हा उडाला, तर तिसरा फ्यूज आणून टाकू नका. गाडी वाहून न्या आणि वाहनांच्या वीजजोडणीचे काम जाणणाऱ्यालाच दाखवा. ज्या गाडीवरून वीज घेतली, तिचीही तपासणी करून घ्या, हे शेजारधर्म म्हणून सांगतो.

बरोबर पद्धत अशी. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात, दोन्हींची इंजिने बंद असावीत. लाल तारेचे एक टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला लावावे. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे टर्मिनलला लावावी आणि तिचे शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला चिमटवावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडतेच, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर येत असतो. ती ठिणगी त्या वायूपासून लांब पडावी एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. मदत करणारी गाडी सुरू करून पाच-सात मिनिटे थांबावे, मग अडलेली गाडी सुरू करावी आणि तारा नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. बाजारात मिळणाऱ्या बारीक तारा गरम होतात आणि पुरेसा प्रवाह नेत नाहीत, तेव्हा जाड तांब्याच्या घ्याव्यात.

धक्का मारून सुरू करण्याचा प्रश्न अनेकजण विचारतात, म्हणून येथेच सांगतो. ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याचा उपयोग नाही. हाताच्या गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने सुरू होऊ शकते, पण आजच्या गाडीत इंधन पंप आणि इंजिनाचा संगणक चालण्याइतकी तरी वीज बॅटरीत उरलेली असावी लागते. ती पूर्ण रिकामी असेल तर चार माणसांनी घाम गाळूनही काही होणार नाही. घोडबंदर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर तर हा प्रयत्न करूच नये. तेथे हॅझार्ड दिवे लावावेत, लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा, माणसांनी गाडीतून उतरून दुभाजकाऐवजी रस्त्याच्या कडेला उभे राहावे आणि धोका वाटला तर ११२ वर फोन करावा.

प्रश्न : आमची इमारत नौपाड्याच्या सखल भागात आहे. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरले आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर चिरंजीवांचे म्हणणे पडले की दोन दिवस उन्हात दारे उघडी ठेवून सुरू करून पाहू. मी विरोध केला, पण मला कारण सांगता आले नाही. पुन्हा अशी वेळ आली तर काय करावे?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही विरोध केलात ते अगदी बरोबर होते, आणि कारण असे आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा आणि इंधनाचे मिश्रण साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवा ओढण्याच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी जरी साठलेले असले आणि स्टार्टरने पिस्टन वर ढकलला, तर मध्येच सगळे अडकते आणि पिस्टनला खाली जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. इंजिन चालू असतानाच पाणी आत गेले तर तो मोडून इंजिनाचे कवच फोडून बाहेर येऊ शकतो. उन्हात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतले गालिचे सुकतात, सिलिंडरमधले पाणी सुकत नाही. म्हणजे बुडालेल्या गाडीचे खरे नुकसान अनेकदा पाणी करत नाही, ते ओसरल्यानंतर उत्सुकतेने फिरवलेली किल्ली करते.

२६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे कित्येक आठवडे माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग होती आणि त्या रांगेने मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नसते. ज्यांनी गाडीला हातही न लावता ती ओढून आणली होती, त्यांच्यापैकी अनेकांची इंजिने तेल, फिल्टर आणि प्लग बदलून, साफसफाई करून पुन्हा चालू लागली. ज्यांनी ‘एकदा बघू तरी’ म्हणून सेल्फ मारला होता, त्यांची इंजिने उघडावी लागली. दोन शेजाऱ्यांच्या सारख्याच गाड्या, सारख्याच पाण्यात बुडालेल्या, आणि खर्चात कित्येक पटींचा फरक. ते मालकाला समजावून सांगणे मला फार जड गेले होते.

म्हणून पुढच्या वेळी पाणी ओसरताच आधी पाण्याची रेषा दिसेल अशी गाडीची छायाचित्रे काढा. किल्ली ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण डॅशबोर्डमागचे आणि सीटखालचे जोड ओले असताना वीज सोडली तर संगणक आणि एअरबॅगची यंत्रणा बिघडू शकते. पाय ठेवण्याइतकी कोरडी जागा झाली की बॅटरीची काळी तार सोडवा. विमा कंपनीला कळवा आणि गाडी चारही चाके वर उचलणाऱ्या वाहनावरून गॅरेजला पाठवा. तेथे ऑईलची पट्टी ओढून पाहतील. तिच्यावरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. प्लग काढून इंजिन हाताने फिरवले की सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येते, आणि तेल बदलल्याशिवाय पुढचे काही करायचे नसते. गिअरचे तेल, ब्रेक आणि अल्टरनेटर यांचीही तपासणी करायला सांगा, कारण इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ती राहून जाते.

विम्याबद्दल दोन शब्द. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही. सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात इंजिन चालवल्यामुळे किंवा नंतर सुरू करण्याच्या प्रयत्नामुळे झालेला इंजिनाचा बिघाड कंपन्या सहसा वेगळा काढतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकलम स्वतंत्रपणे घ्यावे लागते, आणि त्यातही अटी असतात. सखल भागात राहणाऱ्याने ते नूतनीकरणाच्या वेळीच वाचून घ्यावे. आणखी एक सवय लावून घ्या. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरपेक्षा उंच भरती एकाच वेळी येणार असे दिसले की खाडीकडे जाणारे पाणी तुंबते. त्या रात्री गाडी उंचावरच्या रस्त्यावर, एखाद्या नातेवाइकाच्या इमारतीत, जेथे जागा मिळेल तेथे नेऊन ठेवावी.

प्रश्न : माझी सीएनजी गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, आणि गेल्या आठवड्यात तर झालीच नाही. गॅस पूर्ण भरलेला होता. पेट्रोलचा काटा मात्र नेहमी रिझर्व्हवर असतो, कारण पेट्रोल मी वापरतच नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होताना पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. हल्लीची काही मॉडेले थेट गॅसवर सुरू होतात, ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. म्हणजे तुम्ही पेट्रोल वापरत नाही असे वाटत असले तरी गाडी रोज सकाळी थोडे वापरतेच. टाकीतल्या पंपाला त्याच्याभोवतीचे पेट्रोलच थंड ठेवते. टाकी वर्षानुवर्षे तळाशी असेल तर तो पंप तापून अकाली जातो. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. महिनोन्‌महिने पडून राहिलेले असे थोडेसे पेट्रोल पावसाळी हवेत खराब होते आणि इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो.

शांत जागी किल्ली ‘ऑन’ करून मागच्या सीटखाली कान द्या. चांगला पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले आणि मग पंप या क्रमाने पाहायला सांगा. आवाज आला तर दहा लिटर ताजे पेट्रोल भरून पाहा, आणि प्लग काढून तपासा, कारण गॅसच्या मिश्रणाला पेटवायला अधिक जोराची ठिणगी लागते आणि प्लगमधले अंतर वाढले की आधी सकाळचीच सुरुवात बिघडते. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर इंधनाच्या दोषापायी स्टार्टर आणि बॅटरीही जाईल. यापुढे टाकी किमान पाव भरलेली ठेवावी आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवावी. सीएनजी पंपावरच्या रांगेत तास घालवून वाचवलेले पैसे नव्या पंपावर जावेत, हे मला पटत नाही.

गाडीजवळ गॅसचा वास आला तर मात्र यातले काहीही करू नका. दारे उघडा, सिलिंडरवरचा झडपेचा चाक-नळ बंद करा, कोणताही स्विच दाबू नका आणि गाडी ढकलून मोकळ्या जागी न्या. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नका, तिची तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते.

प्रश्न : पावसाळ्यात आमची गाडी नीट सेल्फ घेते, इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही. बोनेट उघडल्यावर उंदराच्या लेंड्या आणि चपातीचा तुकडा सापडला. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर उंदीर येणार नाहीत का?
— एक वाचिका, खारघर

उत्तर : इंजिन जोरात फिरते आहे, तेव्हा बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. उंदीर ऊब आणि आडोसा शोधत इंजिनाच्या वर येऊन बसतो आणि वाढते दात झिजवण्यासाठी वायरी कुरतडतो. इंजेक्टरच्या आणि क्रँकच्या सेन्सरच्या बारीक वायरी त्याला सोप्या जातात, आणि त्यातली एक तुटली तरी ठिणगी किंवा इंधन थांबते. टॉर्च घेऊन हवेच्या नळीखाली, बॅटरीच्या मागे आणि फ्यूजपेटीपाशी तांब्याचा चकाकता तुकडा दिसतो का ते पाहा. तांबे उघडे पडलेले दिसले तर सेल्फ मारणे थांबवा, कारण दोन उघड्या तारा टेकल्या तर संगणकाला इजा होते. जोड लावताना नुसती काळी टेप गुंडाळून घेऊ नका. या हवेत ती सुटते आणि आतले तांबे हिरवे पडते. तार झाळून, वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवायला सांगा.

डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूची पाने यांवर माझा भरवसा नाही. चार दिवस वास टिकतो आणि उंदीर सरावतो, शिवाय गोळ्यांची वाफ एसीवाटे आत येते, ती लहान मुलांना चांगली नाही. एसीच्या हवेच्या मार्गावर आणि खालच्या मोकळ्या जागांवर बारीक धातूची जाळी बसवून घेणे अधिक उपयोगी. गाडीत खाऊचे कण राहू देऊ नका, कचऱ्याच्या डब्याशेजारची जागा सोडा, आणि गाडी रोज वापरात नसेल तर दोन दिवसांआड बोनेट उघडून पाहा. तुमच्या बोनेटखाली सापडलेला चपातीचा तुकडा उंदराने तेथे आणून साठवलेला आहे, म्हणजे तो एका रात्रीचा पाहुणा नसून तेथे घर करू लागला आहे. तेव्हा दुरुस्तीआधी इंजिनाच्या वरचे कव्हर काढून खालचे घरटे साफ करून घ्या, नाहीतर नव्या वायरीही आठवडाभरात कुरतडल्या जातील.